अर्ध्या हंगामाचे मानकरी

६ जून २००७ च्या रात्री कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे बर्फावरच्या हॉकीतील सर्वोच्च सन्मान, म्हणजे स्टॅनली चषक, कर्णधार स्कॉट नीडरमायरच्या हाती देण्यात आला. त्याने तो डोक्यावर उंचावला आणि लगेच आपल्या धाकट्या भावाकडे, रॉबकडे, सोपवला. या देण्याघेण्यामागे एक जुनी गोष्ट होती. चार वर्षांपूर्वीच्या अंतिम मालिकेत हेच दोघे भाऊ परस्परविरुद्ध संघांत होते आणि थोरल्याच्या न्यू जर्सीने धाकट्याच्या ॲनाहाइमला सातव्या सामन्यात नमवले होते. थोरल्यापाशी आधीचेच दोन चषक आहेत, तेव्हा या खेपेस धाकट्याला मिळावा, असे त्यांच्या मातोश्रींनी त्या वेळी उघडपणे सांगितले होते. आईची ती इच्छा थोरल्यानेच चार वर्षांनी, धाकट्याच्या संघात दाखल होऊन, पुरी केली.

त्याच रात्री त्याच बर्फावर फिनलंडचा टीमू सेलॅनी डोळे पुसत उभा होता. पदार्पणाच्या १९९२-९३ च्या हंगामात ७६ गोल करून त्याने उत्तर अमेरिकेला थक्क केले होते. त्यानंतर चषकाची वाट पाहण्यात त्याची चौदा वर्षे गेली होती. छत्तिसाव्या वर्षी, ४८ गोलांच्या हंगामानंतर, तो चषक त्याच्या हाती आला.

तीन महिन्यांनी नव्या हंगामाची तयारी सुरू झाली. संघाला सलामीचे सामने खेळण्यासाठी लंडनला जायचे होते. सगळे जमले, कर्णधार आला नाही, आणि सेलॅनीही आला नाही.

दोघांपैकी कोणीही निवृत्तीची घोषणा केलेली नव्हती. खेळावे की थांबावे, याचा निर्णय होत नाही, एवढेच दोघांचे म्हणणे होते. मात्र बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गैरहजेऱ्यांत व्यवहाराच्या दृष्टीने मोठे अंतर होते. सेलॅनीचा करार उन्हाळ्यात संपला होता. तो कोणाचाही बांधील नव्हता. नीडरमायरने २००५ मध्ये चार वर्षांचा करार केला होता, वर्षाला ६७ लाख ५० हजार डॉलर या दराने, आणि त्यातील दोन वर्षे शिल्लक होती. त्यामुळे संघाने त्यास रीतसर निलंबित केले. निलंबन हा शब्द ऐकताना शिक्षेसारखा वाटतो. प्रत्यक्षात ती उभयपक्षी सोयीची नोंद होती. निलंबित खेळाडूला वेतन मिळत नाही आणि त्याचे वेतन संघाच्या खात्यावरही चढत नाही. तोवर कर्णधारपद क्रिस प्राँगरकडे देण्यात आले.

हे खाते कसे चालते, हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट उमगणार नाही. नॅशनल हॉकी लीगचे सर्व सामने २००४-०५ मध्ये रद्द झाले होते. मालक आणि खेळाडू यांच्यातील वाद एकाच मुद्द्यावर अडला होता: संघाने वेतनावर किती खर्च करावा, याला वरची मर्यादा असावी की नसावी. संपूर्ण हंगाम बुडाला आणि १९१९ च्या साथीनंतर प्रथमच स्टॅनली चषक कोणालाही दिला गेला नाही. अखेरीस मर्यादा आली. २००५-०६ साठी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, आणि उत्पन्न वाढत गेले तशी २००७-०८ साठी ५ कोटी ३ लाखांवर पोहोचली. श्रीमंत नगरीतील संघाने सगळे उत्तम खेळाडू विकत घेऊन बसू नये, हा तिचा हेतू.

परंतु ही मर्यादा वर्षातून एकदा तपासली जात नाही. ती दिवसाच्या हिशेबाने मोजली जाते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच्या हंगामातील प्रत्येक दिवशी जो खेळाडू खात्यावर असेल, त्याचा त्या दिवसापुरता हिस्सा धरला जातो. ज्या घरात रोजमेळ लिहिला जातो, तेथे यातील खोच लगेच ध्यानात येईल. संघाने अर्धा हंगाम तीस लाखांची जागा रिकामी ठेवली, तर उरलेल्या अर्ध्यात साठ लाख वार्षिक दराचा खेळाडू तेवढ्याच जागेत बसतो. म्हणजे खेळाडू जितक्या उशिरा येईल, तितका तो संघाला हलका पडतो. बर्फावरचे त्याचे सामर्थ्य मात्र उशिरा येण्याने घटत नाही. उलट, ऑक्टोबरपासून रोज ठोकरा खाल्लेल्यांच्या तुलनेत तो ताजातवाना असतो. आणि खरी लढाई तर एप्रिलनंतरच असते. ८२ सामन्यांच्या साखळीतून तेव्हाच्या तीस संघांपैकी सोळा संघ पुढे जात. तेथून चषकापर्यंत चार मालिका, प्रत्येकीत चार विजय, असे सोळा विजय मिळवावे लागत.

डिसेंबरमध्ये नीडरमायरने परतण्याचा निर्णय घेतला. त्या हंगामात तो ४८ सामने खेळला. सामन्यांच्या प्रमाणात ढोबळ हिशेब केला, तर ६७ लाख ५० हजारांपैकी सुमारे साडेएकोणचाळीस लाख त्याच्या वाट्याला आले असतील. उरलेले त्याने घरी बसून सोडले, हेही विसरता कामा नये. कोणाच्या पैशाने विश्रांती घेतली, असा आरोप त्याच्यावर करता येणार नाही. प्राँगरचे कर्णधारपदही त्याने परत मागितले नाही; ते त्याच्याकडे पुढील हंगामात आले. जानेवारीच्या अखेरीस सेलॅनीने नवा करार केला आणि त्याने २६ सामन्यांत १२ गोल केले.

आता गोष्टीतील तिसरा मनुष्य. अँडी मॅकडॉनल्ड हा लहान चणीचा, चपळ खेळाडू. तरुण खेळाडूंची निवड दरवर्षी होते, त्या निवडीत कोणत्याही संघाने त्याला घेतलेले नव्हते. महाविद्यालयीन खेळातून तो ॲनाहाइमला आला आणि तेथेच मोठा झाला. २००७ च्या चषकाच्या वाटेवर संघातील सर्वाधिक गोल त्याचेच होते: दहा. सेलॅनीचे पाच. नवा हंगाम सुरू झाला तेव्हा मॅकडॉनल्ड वेळेवर हजर होता, लंडनलाही गेला. नीडरमायरच्या पुनरागमनाच्या त्याच आठवड्यात त्याला सेंट लुईसला धाडण्यात आले. बदल्यात आलेला डग वेट हा छत्तिशी गाठलेला खेळाडू. पण त्याचा करार त्याच हंगामाअखेर संपत होता, मॅकडॉनल्डचा पुढे चालू राहणार होता. वेतनाच्या मर्यादेत जागा करावयाची होती, ती अशी झाली.

संघाचे व्यवस्थापक ब्रायन बर्क हे स्पष्टवक्ते गृहस्थ. जगातील सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक दारात उभा असताना त्याला आत घेऊ नये, असे त्यांच्या जागी कोणीही म्हटले नसते. व्यवहार म्हणून या निर्णयात चूक काढणे कठीण आहे. तरीही वेळेवर दुकान उघडणाऱ्याला जागा सोडावी लागली आणि दुपारी आलेल्याला गादी मिळाली, हे चित्र पुसता येत नाही.

त्या काळी उत्तर अमेरिकेत यावर पुष्कळ वाद झाला. एक पक्ष म्हणे, ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची रीत आहे. नोव्हेंबरातील एखाद्या मंगळवारी, दूरच्या गावी, अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागृहात, सुजलेल्या गुडघ्याने जो खेळला, त्याच्या घामावर संघ पुढच्या फेरीत जातो. आणि चषकाच्या छायाचित्रात पुढे उभा राहतो तो हिवाळ्यात आलेला पाहुणा. शिवाय ज्याने घरच्या एक्केचाळीस सामन्यांची तिकिटे उन्हाळ्यातच रोख मोजून घेतली, त्या प्रेक्षकाला कर्णधाराविना झालेल्या सामन्यांचे पैसे कोणी परत देत नाही. दुसरा पक्ष म्हणे, बर्फावरची हॉकी हा देह झिजवणारा धंदा आहे. चषक जिंकणाऱ्या संघाची उन्हाळी विश्रांती जेमतेम तीन महिन्यांची. चौतीस वर्षांच्या, घरात लहान मुले असलेल्या मनुष्याने, मन लागत नसताना केवळ वेतनासाठी हजेरी लावावी, यात कोणता प्रामाणिकपणा? मन लागेल तेव्हा आला, आला तेव्हा जीव ओतून खेळला, मधल्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण पहिले अधिक जड वाटते, आणि त्याचे कारण पैसा नाही. पैशाचा हिशेब नीडरमायरने चोख ठेवला होता. प्रश्न बांधिलकीचा होता. सेलॅनी मोकळा होता, त्याच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. नीडरमायरने चार वर्षांचा शब्द दिला होता, आणि कर्णधाराच्या अनिश्चिततेची किंमत त्याच्या स्वतःच्या खिशातून जितकी गेली, त्याहून मॅकडॉनल्डच्या बिऱ्हाडातून अधिक गेली. पुढे झाले असे की, २००८ च्या वसंतात ॲनाहाइम पहिल्याच मालिकेत डॅलसकडून सहा सामन्यांत हरला.

हंगाम बाहेर बसून काढण्याचा आणखी एक प्रकार आहे. तो व्यापारी मनाला अधिक ओळखीचा वाटेल, कारण तो सरळ भावाचा आहे. ओटावाचा कर्णधार अलेक्सी याशिन याने करारातील एक वर्ष शिल्लक असताना अधिक वेतनाची मागणी केली आणि १९९९-२००० चा सबंध हंगाम घरी बसून काढला. वर्ष उलटले, म्हणजे करारही संपला, असा त्याचा युक्तिवाद होता. लवादाने तो मानला नाही: जे वर्ष खेळला नाहीस, ते अजून देणे आहे. याशिनला परत येऊन ते वर्ष खेळून फेडावे लागले. टोरंटोचा तरुण विल्यम नीलँडर याच्यापुढे असा गुंता नव्हता. त्याचा जुना करार संपला होता आणि नव्याचा भाव ठरत नव्हता. अशा खेळाडूंना १ डिसेंबरची मुदत असते. त्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत सही झाली नाही, तर उरलेला हंगाम खेळता येत नाही. २०१८ मध्ये नीलँडरची सही मुदतीला काही मिनिटे उरली असताना झाली. घासाघीस दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ताणली गेली, आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती.

अलीकडच्या वर्षांत वादाला निराळे वळण मिळाले आहे. दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूच्या वेतनाइतकी जादा रक्कम संघाला मर्यादेबाहेर जाऊन खर्च करता येत असे. हे न्याय्यच, नाहीतर दुखापतीचा दंड संघाला दुहेरी बसेल. पण खेळाडूंचे वेतन साखळीच्या दिवसांपुरतेच असल्याने चषकाच्या मालिका सुरू झाल्या की मर्यादेचा हिशेबच थांबत असे. २०२०-२१ मध्ये टॅम्पा बे संघाच्या निकिता कुचेरोव्हच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. साखळीचे सर्व ५६ सामने (त्या वर्षी साथीमुळे हंगाम आखूड होता) तो बाहेर होता. मालिका सुरू होताच तो परतला, २३ सामन्यांत ३२ गुण मिळवून सर्वांच्या पुढे राहिला आणि संघाने चषक जिंकला. संघाचे एकूण वेतन मर्यादेपेक्षा सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलरने अधिक होते. विजयोत्सवात कुचेरोव्हने तो आकडाच छापलेला सदरा घातला. शस्त्रक्रिया खरी होती, नियम मोडलेला नव्हता, लीगच्या चौकशीत काही वावगे आढळले नाही. तरी तो सदरा पुष्कळांना झोंबला. कायद्यातील फटीतून जाणे एक, आणि फटीकडे बोट दाखवून हसणे दुसरे. २०२३ मध्ये लास व्हेगासचा कर्णधार मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर थेट मालिकांसाठीच परतला आणि चषकाच्या निर्णायक सामन्यात त्याने तीन गोल केले. पुढच्याही वर्षी दुखापतीमुळे बाहेर राहून तो मालिकांच्या वेळी हजर झाला. अखेर मालक आणि खेळाडू यांच्या नव्या करारात ही फट बुजवण्यात आली: २०२५-२६ पासून चषकाच्या सामन्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्या खेळाडूंचे वेतनही मर्यादेत बसले पाहिजे.

दुखापत तपासता येते. मनाचे काय? त्यासाठी मॅट्स सुंदीनकडे वळावे लागते.

१९८९ च्या निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतला गेलेला हा स्वीडनचा तरुण. युरोपातील कोणाही खेळाडूला तोवर तो मान मिळालेला नव्हता. १९९४ मध्ये तो टोरंटोला आला, १९९७ मध्ये कर्णधार झाला आणि अकरा वर्षे कर्णधार राहिला. टोरंटोने १९६७ नंतर चषक जिंकलेला नाही. त्या नगरीत हॉकीच्या कर्णधाराचे पद म्हणजे दैनंदिन परीक्षा. सुंदीनने ती मुकाट्याने दिली. फेब्रुवारी २००८ मध्ये संघ मागे पडला होता आणि सुंदीनचा करार संपत आला होता. अशा वेळी जाणत्या खेळाडूला चषकाच्या दावेदार संघाकडे धाडून मोबदल्यात तरुण खेळाडू घेण्याची तेथे प्रथा आहे. सुंदीनच्या करारात त्याच्या संमतीवाचून बदली न होण्याचे कलम होते. त्याने संमती दिली नाही. त्याने दिलेले कारण सरळ होते: चार महिन्यांसाठी भाड्याने गेलेल्या खेळाडूची कल्पना आपल्याला मान्य नाही; चषकाचे मोल कळण्यासाठी ऑक्टोबरपासून जूनपर्यंतची सगळी वाट संघाबरोबर चाललेली असावी लागते.

याहून चांगले उत्तर या सबंध वादात कोणी दिलेले नाही. टोरंटोतील पुष्कळांना ते रुचले नाही, कारण संघाला त्याच्या मोबदल्यात काहीच मिळाले नाही. तरीही शब्द म्हणून ते उंच होते.

उन्हाळ्यात करार संपला. व्हँकूव्हरने दोन वर्षांसाठी दोन कोटी डॉलर देऊ केले. सदतीस वर्षांच्या सुंदीनने होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. जुलै गेला, ऑक्टोबर आला, सामने सुरू झाले. तो विचारच करत होता. १८ डिसेंबर २००८ रोजी त्याने व्हँकूव्हरच्या करारावर सही केली, उरलेल्या हंगामापुरती. ७ जानेवारीला तो पहिला सामना खेळला. त्या हंगामात तो एकूण ४१ सामने खेळला, ८२ पैकी बरोबर निम्मे. ज्याने ऑक्टोबर ते जूनची वाट सांगितली होती, तो जानेवारीत वाटेला लागला.

दांभिकपणाचा आरोप झालाच. तो सर्वस्वी खरा मानण्याचे कारण नाही. पन्नाशी-साठीच्या उंबऱ्यावर पेढी मुलांकडे सोपवून पुन्हा सकाळी गल्ल्यावर येऊन बसणारा गृहस्थ प्रत्येकाने पाहिलेला असतो. तो लोभापायी येतो असे नाही, घरी करमत नाही म्हणून येतो. सुंदीनला पैशाचा मोह असता, तर जुलैत दोन कोटींवर सही करून तो मोकळा झाला असता. फेब्रुवारीत तो जे बोलला ते त्याला त्या दिवशी खरेच वाटत असणार. पण शब्द मोठा असला की पुढे तो पाळण्याचा भारही मोठा होतो, आणि डिसेंबरात तो भार त्याला पेलला नाही.

२१ फेब्रुवारी २००९ रोजी व्हँकूव्हरचा संघ टोरंटोला गेला. प्रेक्षक काय करतील, याची सर्वांना उत्सुकता होती. त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. सुंदीनच्या डोळ्यांत पाणी आले. सामना बरोबरीत सुटला, निकाल एकेकट्या फटक्यांवर गेला, आणि निर्णायक फटका सुंदीनने मारला, आपल्याच जुन्या घराविरुद्ध.

एप्रिलमध्ये चषकाच्या मालिका सुरू झाल्या. पहिल्या फेरीत व्हँकूव्हरची गाठ सेंट लुईसशी पडली. अँडी मॅकडॉनल्ड त्या संघात होता. मोडलेल्या पायामुळे मधले काही महिने बाहेर बसून पुन्हा उभा राहिलेला. व्हँकूव्हरने ती मालिका चार सामन्यांत एकही न गमावता जिंकली आणि पुढच्या फेरीत शिकागोकडून हार पत्करली. सप्टेंबरच्या अखेरीस सुंदीन निवृत्त झाला. मॅकडॉनल्ड आणखी चार हंगाम सेंट लुईसकडूनच खेळत राहिला. डोक्याला वारंवार झालेल्या आघातांमुळे २०१३ च्या जूनमध्ये त्याला थांबावे लागले.